संगीताच्या पडद्यावरील बारीक अक्षर

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय आपणांस थोडा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. संगीत ही कानाची विद्या. तिच्या गोष्टींत डोळ्याचें काय काम, असें कोणीहि विचारील. परंतु गेल्या ४० वर्षांत संगीत तयार करण्याचें काम हळूहळू संगणकाच्या पडद्यावर येऊन बसलें आहे. गाणें मुद्रित करावयाचें, त्याचे निरनिराळे भाग जुळवावयाचे, एखाद्या वाद्याचा आवाज चढवावयाचा किंवा उतरवावयाचा, हें सर्व ज्या सॉफ्टवेअरवर चालतें त्याच्या पडद्यावर शेंकडों बारीक आंकडे, नांवें, रेघा आणि बटणें असतात. तीं ज्याला वाचतां येत नाहींत त्याचा कान कितीहि तयार असला तरी त्याच्या हातून काम होत नाहीं. हें अक्षर इतकें बारीक कां झालें, आणि तें मोठें व सुवाच्य करण्याची खटपट केव्हां व कशी झाली, याचा इतिहास मी आज आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

माझें आयुष्य शाळेंत शिकविण्यांत गेलें. आमच्या धंद्यांत एक साधा नियम आहे: फळ्यावरील अक्षर शेवटच्या बाकावरील मुलाला वाचतां आलें पाहिजे. पहिल्या बाकावरील मुलगा तें घडाघडा वाचतो, एवढ्यावरून शिक्षकाचें काम झालें असें होत नाहीं. लिहिणारा फळ्यापाशीं उभा असतो, म्हणून त्याला आपलें अक्षर नेहमींच मोठें वाटतें. वाचणारा दूर असतो, आणि खरी परीक्षा त्याच्या डोळ्यांची असते. संगीताच्या लेखनाचा इतिहास पुष्कळसा याच नियमानें उलगडतां येतो. म्हणून संगणकाकडे वळण्यापूर्वीं मी आपणांस थोडें मागें नेतों.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींत आरेत्सो येथील ग्विदो नांवाचा एक मठवासी संगीतशिक्षक होऊन गेला. त्याच्यापूर्वीं चर्चमधील गाण्यांच्या शब्दांवर ज्या खुणा करीत, त्यांवरून स्वर चढला कीं उतरला एवढें समजे. नेमका किती चढला तें बहुधा समजत नसे. ग्विदोनें आडव्या रेघांची पद्धति पक्की केली, आणि त्यांतील एका ठराविक स्वराची रेघ लाल व दुसऱ्या ठराविक स्वराची रेघ पिवळी काढावयाची असा प्रघात पाडला. हा रंग शोभेसाठीं नव्हता. नजर टाकतांच गाणाऱ्याला आपली जागा सांपडावी यासाठीं होता. जें गाणें पूर्वीं गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय येत नसे, तें मुलें आतां पाहून गाऊं लागलीं. पुढें याच रेघा मोठमोठ्या चर्मपत्रांवर काढून वृंदगायनाचे प्रचंड ग्रंथ तयार झाले. स्पेनमधील एल एस्कोरियालच्या मठांत असे ग्रंथ आजहि जतन केलेले आहेत. एकच ग्रंथ उंच घडवंचीवर मांडावयाचा, सर्व गायकांनीं त्याच्यापुढें उभें राहावयाचें, आणि मागच्या रांगेंतील गायकालाहि स्वर दिसला पाहिजे अशा बेतानें अक्षर काढावयाचें, अशी ती व्यवस्था होती. पान वारंवार उलटावें लागे. पण दिसत नाहीं म्हणून कोणी गायनांतून वगळला जात नसे.

१५०१ सालीं व्हेनिस शहरांत ओत्ताव्यानो पेत्रुची यानें अनेक आवाजांच्या संगीताचा संग्रह छापून प्रसिद्ध केला. पुस्तक लहान झालें आणि अक्षरहि बारीक झालें; पण त्यांत गैर कांहींच नव्हतें, कारण पुस्तक आतां गाणाऱ्याच्या हातांत आलें होतें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. अक्षराचें मोठेपण केवळ कागदावर मोजून कळत नाहीं. डोळा आणि अक्षर यांच्यामधील अंतर धरून तें ठरवावें लागतें. आजहि वाद्यवृंदांतील वादकासाठीं जें पान छापतात, त्यावरील पांच रेघांच्या पट्टीची उंची सुमारें ७ ते ८ मिलिमीटर ठेवतात. पान समोरच्या स्टँडवर असतें, हात वाद्यांत गुंतलेले असतात, आणि तें डोळ्याजवळ ओढून घेण्याची सोय नसते. तेंच संगीत घरीं बसून अभ्यासावयाच्या छोट्या पुस्तकांत पुष्कळ बारीक छापलें तरी चालतें.

महाराष्ट्रालाहि हा प्रश्न अपरिचित नाहीं. कुरुंदवाड येथें १८७२ सालीं जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची दृष्टि लहानपणीं फटाक्याच्या अपघातानें अधू झाली. आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विद्या घेऊन त्यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. ज्यांना स्वतः वाचणें कठीण, त्यांनींच विद्यार्थ्यांसाठीं स्वरलिपि सिद्ध करून पुस्तकें छापविलीं, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्यांच्या लिपींत मात्रेचे बारीक भागहि चिन्हांनीं दाखविण्याची सोय होती. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं आपल्या लिपींत चिन्हें अगदीं थोडीं ठेविलीं: मंद्र स्वराखालीं टिंब, तार स्वरावर टिंब, कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. आज सामान्य विद्यार्थ्याच्या वहींत भातखंडे यांची लिपि अधिक दिसते, आणि तिचा वाचनसुलभपणा हें त्याचें एक मोठें कारण होय. बारकावा अधिक दाखवावा कीं वाचणें सोपें करावें, हा जो झगडा आहे तोच पुढें संगणकाच्या पडद्यावर नव्यानें उभा राहिला.

आतां मुख्य विषयाकडे येतों. १९५७ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यांनीं आयबीएम ७०४ या संगणकाकडून सुमारें १७ सेकंदांची एक चीज वाजवून घेतली. त्या काळीं आज्ञा भोंकें पाडलेल्या कार्डांवरून द्यावयाच्या आणि निकालाची वाट पाहात बसावयाचें अशी रीत होती. संगीतकाराला पडद्यावर वाचावयाचें असें कांहीं नव्हतेंच, तेव्हां वाचण्याची अडचणहि नव्हती. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें तयार झालेल्या फेअरलाइट यंत्राला मात्र हिरव्या अक्षरांचा पडदा होता, आणि प्रकाशलेखणीनें त्यावर ध्वनीच्या लाटेची आकृति हातानें काढतां येत असे. संगीत आणि पडदा यांची गांठ येथून पक्की पडूं लागली.

तथापि त्या दिवसांत ध्वनिमुद्रणगृहांत खरें राज्य होतें तें मिक्सरचें. एका आवाजाला एक उभी पट्टी, तिची रुंदी इंच-दीड इंच. तिच्यावर वरपासून खालपर्यंत फिरवावयाचे नॉब आणि सर्वांत खालीं वरखालीं सरकविण्याचा फेडर. २४ आवाजांचा मिक्सर माणसाच्या दोन्ही हातांच्या कवेंत मावत नसे. फेडरांच्या ओळीखालीं कागदी चिकटपट्टीचा एक लांब तुकडा लावून त्यावर जाड पेननें कोणता आवाज कोठें आहे तें लिहून ठेवण्याची चाल सर्वत्र होती. म्हणजे काम करणाऱ्यानें आपल्यापुरतें मोठें अक्षर स्वतःच करून घेतलें होतें. शिवाय हें यंत्र डोळ्यांपेक्षां हातानेंच अधिक वाचलें जाई. कोणता नॉब कोठें आहे हें बोटांना पाठ असे. मान वर न करतां, कान गाण्याकडे ठेवून काम चाले.

१९८३ सालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या विद्युत्‌वाद्यांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून मिडी नांवाची एक सर्वमान्य पद्धति ठरली, आणि घरगुती संगणकाला संगीताचें दार उघडलें. १९८४ सालीं कार्ल स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड रुरुप यांनीं जर्मनींत हॅम्बुर्ग येथें आपली कंपनी काढली. त्यांचें प्रारंभींचें सॉफ्टवेअर कमोडोर ६४ या संगणकावर चाले. त्याच्या पडद्यावर एका ओळींत ४० अक्षरें आणि एकंदर २५ ओळी मावत. अक्षर चांगलें ठळक असे. पण तें कोणी दूरदृष्टीनें ठेवलें होतें म्हणून नव्हे, तर यंत्राला याहून बारीक लिहिणें फारसें जमतच नसे म्हणून. १९८५ सालीं अटारी एसटी हा संगणक आला. त्याला मिडीचीं छिद्रें कारखान्यांतच बसविलेलीं होतीं, आणि त्याच्या पांढऱ्या-काळ्या पडद्यावर आडवे ६४० आणि उभे ४०० ठिपके होते. याच संगणकावर १९८९ सालीं स्टाइनबर्ग कंपनीचें क्युबेस हें सॉफ्टवेअर अवतरलें. वाद्यांचे ट्रॅक एकाखालीं एक, आणि काळ डावीकडून उजवीकडे वाहणारा, अशी त्याची मांडणी होती. ती इतकी सोयीची ठरली कीं आजहि बहुतेक संगीत-सॉफ्टवेअर तिलाच धरून आहे.

यानंतर गर्दीला सुरुवात झाली. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांतील डिजिडिझाइन कंपनीचें प्रो टूल्स प्रथम बाहेर पडलें, तेव्हां त्यांत ४ ट्रॅक होते. संगणकाची शक्ति वाढत गेली तशी ही संख्या डझनांवर आणि मग शेंकड्यांवर गेली. पडदा मात्र त्या मानानें वाढला नाहीं. चाळींतील खोली तेवढीच आणि बिऱ्हाडांतील माणसें मात्र वाढत जावीं, तशी ही स्थिति झाली. प्रत्येक ट्रॅक अरुंद झाला, आणि त्याचें नांव चार-सहा अक्षरांत तोडून लिहावें लागलें.

१९९६ सालीं स्टाइनबर्ग कंपनीनें व्हीएसटी ही पद्धति काढली. तिच्यामुळें कोणत्याहि बाहेरच्या कारागिराला मुख्य सॉफ्टवेअरला जोडतां येईल असा लहान भाग, म्हणजे प्लगइन, तयार करतां येऊं लागला. ही सोय मोठी होती. पण तिच्याबरोबर एक हौसहि आली. जुन्या नामांकित यंत्रांची हुबेहुब नक्कल पडद्यावर करावयाची, त्यांचा पत्रा, त्यांचे स्क्रू, नॉबची पडछाया, सर्व कांहीं रंगवावयाचें, अशी ती हौस. २००० सालीं स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड कंपनीनें काढलेल्या रीझन या सॉफ्टवेअरमध्यें तर यंत्रांची संपूर्ण मांडणी रंगविलेली होती, आणि एक कळ दाबतांच ती मागून दिसून तिच्या तारा लोंबतांना दिसत. हें पाहावयास मोठें मौजेचें होतें. परंतु खरें यंत्र १९ इंच रुंद असे. त्याच्यावरील अक्षर त्या रुंदीला शोभेसें असे. तेंच यंत्र पडद्यावर पांच-सहा इंचांत बसवितांना त्यावरील प्रत्येक आंकडाहि त्याच प्रमाणांत आकसला. शिवाय खऱ्या नॉबला बोट लागत होतें. चित्रांतल्या नॉबला तें लागत नाहीं. तेथें माउसचा बाण नेमका नेऊन ठेवावा लागतो आणि आंकडा डोळ्यांनींच वाचावा लागतो. नकलेंत यंत्राचें रूप आलें, स्पर्श आला नाहीं. ज्या कामाचा निम्मा भार पूर्वीं हातावर होता, तो सगळा डोळ्यांवर पडला, आणि नेमकें तेव्हांच अक्षर बारीक झालें.

हें अक्षर मोठें करणें इतकें अवघड कां झालें, तें समजण्यासाठीं हीं चित्रें कशीं बनत तें सांगितलें पाहिजे. फिरणाऱ्या नॉबसाठीं कारागीर त्याच्या प्रत्येक स्थितीचें वेगळें चित्र काढून ठेवी. कधीं ६४, कधीं १२८. हीं चित्रें सिनेमाच्या फितीप्रमाणें एकाखालीं एक लावलेलीं असत. आपण नॉब फिरविला कीं फितींतील पुढचें चित्र समोर येई. नॉबच्या भोंवतालचे आंकडेहि पुष्कळदां चित्रांतच रंगविलेले असत. तीं खरीं अक्षरें नसून अक्षरांचीं छायाचित्रें होतीं. चित्राचा आकार ठिपक्यांत ठरलेला, म्हणजे दगडावर कोरल्यासारखाच. तें मोठें हवें तर सारी फीत नव्यानें तयार करावी लागे, आणि छोट्या कारखान्याच्या डझनभर प्लगइनांसाठीं हें काम महिनोन्‌महिने पुरणारें होतें.

अशांत पडद्यांची जात बदलली. १९८४ सालच्या मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यावर इंचास ७२ ठिपके होते. विंडोजच्या जगांत इंचास ९६ ठिपके हा हिशेब रूढ होता. जून २०१२ मध्यें ॲपल कंपनीनें १५ इंची लॅपटॉपला इंचास २२० ठिपक्यांचा पडदा बसविला, आणि पुढें आडवे ३,८४० ठिपके असलेले पडदे बाजारांत सर्रास मिळूं लागले. ठिपके दाट झाले कीं अक्षर रेखीव होतें, हें खरें. पण जें चित्र ठिपक्यांत मोजून काढलेलें आहे, त्याचें काय होईल? आपण त्रैराशिक मांडूं. १० ठिपके उंचीचें अक्षर इंचास ९६ ठिपके असलेल्या पडद्यावर सुमारें २.६ मिलिमीटर उंच दिसतें. ३,८४० ठिपक्यांच्या २४ इंची पडद्यावर इंचास सुमारें १८४ ठिपके पडतात. तेथें तेंच अक्षर १.४ मिलिमीटरच उरतें. ॲपलच्या पडद्यावर असें चित्र आपोआप दुप्पट केलें जाई, म्हणून आकार टिके, पण तें पुसट दिसे. विंडोजवर पुष्कळ प्लगइनें जशींच्या तशीं निम्मीं झालीं. नवा, महाग, उत्तम पडदा घेतला आणि त्यावर आपलें जुनें वाद्य वाचतांच येईना, असा उलटा अनुभव अनेकांना आला.

आतां डोळ्यांची बाजू पाहूं. आपल्या भाषेंत ‘चाळिशी’ म्हणजे चष्मा, इतका हा नियम सर्वांच्या अंगवळणीं पडलेला आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील भिंग कठीण होत जातें आणि जवळच्या वस्तूवर दृष्टि जमविण्याची त्याची शक्ति कमी होते. पुढें बाहुली लहान राहूं लागते व भिंगाला पिवळसर झांक येते. त्यामुळें साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोंचणारा उजेड विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच असतो. संगीत-सॉफ्टवेअरमध्यें तर काळसर पाटीवर करडें अक्षर लिहिण्याची रीत फार. अंधाऱ्या खोलींत तें तरुण डोळ्याला सुखद वाटतें, वयस्काला मात्र दिसतच नाहीं. वेबवरील मजकुराविषयीं २००८ सालापासून जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम आहेत, त्यांत अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ ला १ असावें आणि मजकूर दुप्पट मोठा करतां यावा असें सांगितलें आहे. ही कसोटी वेबसाठीं असली तरी डोळा सर्वत्र तोच आहे.

याहून सूक्ष्म अडचण अंतराची आहे. वाचनाचा चष्मा साधारणतः ४० सेंटिमीटर अंतरासाठीं दिलेला असतो. परंतु संगीतकाराच्या पुढ्यांत वाद्याचा कळफलक असतो, म्हणून पडदा त्याच्या पलीकडे, ७० ते १०० सेंटिमीटरवर जातो. चष्मा लावावा तर पडदा धूसर, काढावा तर आंकडे नाहींसे. मग माणूस मान लांबवून पुढें वांकतो. पण दोन ध्वनिक्षेपकांसमोर ऐकण्याची एक नेमकी जागा असते. दोन्हींपासून सारख्या अंतरावर आणि ठराविक लांबीवर. पुढें वांकलें कीं ती जागा सुटते, आणि डावे-उजवे आवाज जसे आहेत तसे ऐकूं येत नाहींत. म्हणजे बारीक अक्षराचा दंड शेवटीं कानालाच भरावा लागतो. वाद्यवृंदाचें पान छापणाऱ्यांना जें अंतराचें गणित ठाऊक होतें, तें पडदा रंगविणाऱ्यांनीं कित्येक वर्षें मांडलेंच नाहीं.

यावर उपाय तीन तऱ्हेचे झाले. पहिला उपाय चित्र ताणण्याचा. फुग्यावर लिहिलेलें अक्षर फुगा फुगविला म्हणजे मोठें होतें खरें, पण फिकेंहि होतें. तसा हा प्रकार. दुसरा उपाय तींच चित्रें दुप्पट आकारानें पुन्हां काढण्याचा; तो चांगला, परंतु कष्टाचा. तिसरा उपाय मुळालाच हात घालणारा आहे. चित्र सांठवून ठेवावयाचें नाहीं, चित्र काढण्याची रीत सांठवावयाची: ‘या बिंदूभोंवतीं अमुक त्रिज्येचें वर्तुळ काढ, येथून तेथवर रेघ ओढ, हें नांव अमुक उंचीच्या अक्षरांत लिही.’ भूमितींतील आकृतीप्रमाणें ती वहीवर काढा कीं फळ्यावर, रेघ तेवढीच स्वच्छ येते. यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात.

बर्लिन येथील एबलटन कंपनीचें लाइव्ह हें सॉफ्टवेअर २००१ सालीं बाहेर पडलें. त्यानें लोखंडी पेट्यांचें सोंग घेतलेंच नाहीं. सपाट रंग, साध्या रेघा आणि मोजकीं अक्षरें एवढ्यावर भागविलें. त्यांत संपूर्ण पडदा ५० पासून २०० टक्क्यांपर्यंत लहानमोठा करून घेण्याची सोय आहे. प्रारंभीं तें ओकेंबोकें दिसतें असें वाटलें तरी काळाच्या कसोटीस तोच साधेपणा उतरला. ॲम्स्टरडॅम येथील फॅबफिल्टर कंपनीनें २०१४ सालीं आपल्या प्रो-क्यू या प्लगइनच्या दुसऱ्या आवृत्तींत लहानमोठे आकार दिले आणि तें पडदाभर पसरण्याची मुभाहि दिली. बेल्जममधील इमेज-लाइन कंपनीच्या एफएल स्टुडिओनें २०१५ सालच्या बाराव्या आवृत्तींत आपला पडदा व्हेक्टर पद्धतीनें नव्यानें काढला. क्युबेसनें दाट ठिपक्यांच्या पडद्यांची दखल २०१८ सालच्या दहाव्या आवृत्तींत घेतली. व्हीएसटी पद्धतीच्या २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या पिढींतहि पुढें अशी भर पडली कीं, मुख्य सॉफ्टवेअर प्लगइनला ‘येथील प्रमाण दीडपट आहे’ किंवा ‘दुप्पट आहे’ असें ठराविक भाषेंत सांगूं शकतें. यजमान आणि पाहुणा यांच्यांत अक्षराच्या मापाविषयीं बोलणें सुरू झालें, हीच या सुधारणेची मुख्य खूण म्हणावी लागेल.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. अक्षर मोठें केलें कीं पडद्यावर कमी मावतें. १०० ट्रॅकांचें काम करणाऱ्याला सर्व एका दृष्टिक्षेपांत हवें असतें. त्याला मोठें अक्षर ही अडचण वाटेल. परंतु सर्वांना सदासर्वकाळ मोठेंच अक्षर द्या, असें कोणी म्हणत नाहीं. मोठें किंवा लहान ठरविण्याचा अधिकार वाचणाऱ्याकडे असावा, एवढीच मागणी आहे. एस्कोरियालच्या ग्रंथांतहि एका पानावर थोडेंच मावत असे. त्यांनीं पान उलटण्याचा त्रास पत्करला, गायक गमावला नाहीं. शिवाय पडद्यावरील कित्येक गोष्टी रोज लागत नाहींत. स्क्रू, पत्र्याची चकाकी आणि कारखान्याचें नांव यांनीं अडविलेली जागा आंकड्यांना दिली तर निम्मा प्रश्न तेथेंच सुटतो.

ज्यांना मुळींच दिसत नाहीं, त्यांचाहि विचार याच विषयांत येतो. लुई ब्रेल हे स्वतः ऑर्गनवादक होते. त्यांनीं १८२९ सालीं उठावाच्या ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली, तेव्हांच तींत संगीतलेखनाचीहि योजना होती. आज अंध संगीतकार पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साह्यानें काम करतात. परंतु त्या सॉफ्टवेअरला खरें अक्षर वाचतां येतें, अक्षराचें रंगविलेलें चित्र वाचतां येत नाहीं. म्हणजे ज्या कारणानें अक्षर मोठें होत नव्हतें, त्याच कारणानें तें बोलतहि नव्हतें. रीपर या सॉफ्टवेअरसाठीं ओसारा नांवाची विनामूल्य जोड तयार झाली, आणि मार्च २०२४ मध्यें निघालेल्या लाइव्हच्या बाराव्या आवृत्तींत पडदा वाचून दाखविण्याची सोय आली. मंद दृष्टीचा माणूस आणि अंध माणूस यांचीं दारें वेगळीं दिसतात, पण त्यांना लावलेलें कुलूप पुष्कळ अंशीं एकच होतें.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. आपल्या संगीतांत ४० वर्षें साधना केल्यावर माणसाचा कान पिकतो. सतारीची तार कोठें जरा जास्त बोलते, तबल्याचा बांया कोठें दबला, हें त्याला एका क्षणांत कळतें. अशा माणसाला आपलेंच वादन आपल्याच घरीं मुद्रित करून नीट जुळवितां येणें आज शक्य आहे. तो जर केवळ दीड मिलिमीटरच्या आंकड्यापाशीं अडून दुसऱ्या तरुण डोळ्यांवर अवलंबून राहिला, तर काय ठेवावें आणि काय गाळावें याचा निर्णयहि हळूहळू त्याच्या हातून जातो. यंत्र वाचतां येणाऱ्याचा शब्द चालतो आणि संगीत कळणारा बाजूला बसतो. ही हानि एकट्या वृद्धाची नाहीं. त्याच्या पिढीचा कान ज्या मुद्रणांतून पुढें जावयाचा, त्या मुद्रणाचीच ती हानि आहे.

म्हणून जे असें सॉफ्टवेअर विकत घेतात किंवा संगीतशाळेंत बसवितात, त्यांना माझी एक साधी सूचना आहे. आपल्या नेहमींच्या जागीं, नेहमींचा चष्मा लावून, पाठ टेकून बसावें आणि पडद्यावरील सर्वांत बारीक आंकडा वाचून पाहावा. पुढें वांकावें लागलें, तर डोळ्यांना दोष न देतां प्रथम मांडणीच्या पानावर अक्षराचें प्रमाण वाढविण्याची सोय आहे कीं नाहीं तें शोधावें. पुष्कळदां ती असते आणि ठाऊक नसते. ती नसेल तर करणाऱ्यांना तसें लिहून कळवावें. वर सांगितलेल्या सुधारणा ज्या मार्गानें झाल्या त्यांत वापरणाऱ्यांच्या अशा मागण्यांचा वांटा लहान नाहीं. रेघेला रंग देणाऱ्या ग्विदोपासून व्हेक्टरच्या कारागिरापर्यंत ज्यांनीं ज्यांनीं स्वराचें अक्षर वाचण्यास सोपें केलें, त्यांनीं संगीतांत एक नवा सूर घातला नसेल. पण सूर घालूं शकणाऱ्यांची पंगत मात्र त्यांनीं वाढविली. हें काम अजून पुरें झालेलें नाहीं, आणि शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी अद्याप वाट पाहात आहे, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.